दिलेली माहिती पुरेशी आहे काय?

गणिताचे उदाहरण म्हटले की ते सोडवून उत्तर काढावयाचे, ही सवय आपल्याला लहानपणापासून जडलेली असते. उत्तर आले की त्याखाली दोन रेघा ओढाव्या, पाठीमागच्या पानावरील उत्तराशी ताडून पाहावे आणि पुढच्या उदाहरणाकडे वळावे, असा आपला नित्याचा क्रम असतो. परंतु बीजगणितात एक प्रश्नप्रकार असा आहे की, त्यात उत्तर काढावयाचे नसतेच. उत्तर काढता येईल की नाही एवढाच निवाडा द्यावयाचा असतो. या प्रकाराला 'माहितीची पर्याप्तता' असे म्हणतात. परीक्षार्थींच्या बोलण्यात मात्र 'डेटा सफिशियन्सी' हे इंग्रजी नावच अधिक रूढ आहे.

व्यवस्थापनशास्त्राच्या शिक्षणक्रमात प्रवेश मिळविण्यासाठी जगभर जी 'जीमॅट' नावाची परीक्षा घेतली जाते, तिच्यामुळे हे प्रश्न विशेष प्रसिद्धीस आले. २०२३ च्या अखेरीस त्या परीक्षेचा नवा आराखडा अंमलात आला, त्यातही त्यांना स्थान आहे. आपल्याकडे बँकांच्या नोकरभरतीच्या परीक्षांत आणि संघ लोकसेवा आयोगाच्या 'सीसॅट' या प्रश्नपत्रिकेत असे प्रश्न विचारले जातात. शाळा सोडल्यानंतर आपल्यापैकी अनेकांना या परीक्षांच्या दारातून जावयाचे आहे. त्या वेळी प्रश्नपत्रिका इंग्रजीत असेल, कदाचित हिंदीत असेल. पण विचाराची रीत एकदा मातृभाषेत नीट उमगली म्हणजे ती कोणत्याही भाषेत उपयोगी पडते. म्हणून या प्रश्नांची थोडी ओळख करून घेऊ.

प्रश्नाची ठेवण

प्रत्येक प्रश्नात प्रथम काहीतरी विचारलेले असते व त्याखाली दोन विधाने दिलेली असतात. त्या विधानांच्या आधारे प्रश्नाचे एकच एक, निःसंदिग्ध उत्तर मिळू शकते काय, हे आपण ठरवावयाचे. त्यासाठी बहुधा पुढील पाच पर्याय असतात :

(अ) पहिले विधान एकटे पुरेसे आहे. दुसरे एकटे पुरेसे नाही.
(ब) दुसरे विधान एकटे पुरेसे आहे; पहिले एकटे पुरेसे नाही.
(क) दोन्ही विधाने एकत्र घेतली तर पुरेशी आहेत. एकटे कोणतेही पुरेसे नाही.
(ड) प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे आहे.
(इ) दोन्ही एकत्र घेऊनही माहिती अपुरीच राहते.

एक अगदी सोपे उदाहरण पाहा. प्रश्न : क्ष ची किंमत किती? विधान पहिले : ३क्ष + ७ = २२. विधान दुसरे : क्ष² = २५.

पहिल्या विधानावरून ३क्ष = १५, म्हणून क्ष = ५. दुसरी शक्यताच नाही. तेव्हा पहिले विधान पुरेसे. आता ते विधान हाताने झाकून ठेवा आणि केवळ दुसरे पाहा. ज्याचा वर्ग २५ आहे अशा संख्या दोन आहेत : ५ आणि −५. यांपैकी कोणती, हे दुसरे विधान सांगत नाही; म्हणून ते अपुरे. उत्तर : (अ).

यात 'हाताने झाकून ठेवा' असे जे म्हटले, ते केवळ बोलण्याची पद्धत म्हणून नव्हे. पहिल्या विधानात क्ष = ५ मिळाल्यावर दुसरे वाचताना ते ५ मनात रेंगाळत असते आणि 'हो, याचेही उत्तर ५ च' असे म्हणण्याचा मोह होतो. या प्रश्नप्रकारातील पुष्कळशा चुका यातूनच उद्भवतात. न्यायाधीश ज्याप्रमाणे एका साक्षीदाराची जबानी दुसऱ्याच्या कानावर पडू देत नाही, त्याप्रमाणे आपणही दोन्ही विधानांची तपासणी प्रथम निरनिराळी करावी. दोघांपैकी एकानेही काम भागत नाही अशी खात्री झाली, तरच त्यांना एकत्र आणावे.

या क्रमाने गेल्यास पर्यायांची छाननीही आपोआप होते. पहिले विधान पुरेसे ठरले की (अ) किंवा (ड) एवढेच उरतात. ते अपुरे ठरले की हे दोन्ही बाद होऊन (ब), (क) व (इ) राहतात. म्हणजे एका विधानाचा निर्णय लागताच अर्धे काम झालेले असते.

दोन समीकरणे, पण माहिती एकच

दोन अज्ञात राशी असतील तर दोन समीकरणे लागतात, हा नियम आपण एकसामायिक समीकरणांच्या पाठात शिकलो. नियम चांगला आहे. पण तो डोळे मिटून लावण्याजोगा नाही.

प्रश्न : एका वहीची किंमत किती? विधान पहिले : ३ वह्या व २ पेने मिळून १३० रुपये पडतात. विधान दुसरे : ६ वह्या व ४ पेने मिळून २६० रुपये पडतात.

समीकरणे दोन दिसतात खरी. पण दुसरे समीकरण म्हणजे पहिल्याचीच दुप्पट. दुकानदाराने तीच गोष्ट दोनदा सांगितली, नवीन काही सांगितले नाही. वही ३० रुपयांना व पेन २० रुपयांना असेल तरी दोन्ही विधाने खरी ठरतात. वही ४० रुपयांना व पेन ५ रुपयांना असेल तरीही खरी ठरतात. म्हणून उत्तर (इ). याउलट दुसऱ्या विधानात '२ वह्या व ३ पेने मिळून १२० रुपये' असे असते, तर ती खरोखर नवी माहिती झाली असती, दोन्ही मिळून वहीची किंमत ३० रुपये निश्चित झाली असती व उत्तर (क) आले असते. समीकरणे मोजून भागत नाही. ती परस्परांहून स्वतंत्र आहेत की नाहीत हे पाहावे लागते.

याच्या उलट प्रकारही घडतो. प्रश्न : क्ष + य = किती? विधान पहिले : ४क्ष + ४य = ३६. विधान दुसरे : क्ष − य = १. उतावळा विद्यार्थी लगेच दोन्ही समीकरणे मांडतो, क्ष = ५ व य = ४ असे काढतो आणि (क) लिहून मोकळा होतो. त्याचे गणित बरोबर, पण निवाडा चुकीचा! कारण प्रश्नात क्ष विचारलेला नाही, य ही विचारलेला नाही. फक्त त्यांची बेरीज विचारली आहे. पहिल्या समीकरणाला ४ ने भागताच ती ९ मिळते. दुसऱ्या विधानाची गरजच नाही. उत्तर : (अ). म्हणून विधानांकडे वळण्यापूर्वी 'नेमके काय विचारले आहे?' हे दोनदा वाचावे.

न सांगितलेली अट

काही अटी प्रश्नात शब्दांनी लिहिलेल्या नसतात. त्या वस्तूच्या स्वभावातच असतात. माणसे, पुस्तके, तिकिटे ही अर्धी किंवा पाव असू शकत नाहीत, ऋण तर नाहीतच. या अबोल अटीने सारा निकाल फिरतो.

शाळेच्या आनंदमेळाव्यात मोठ्यांचे तिकीट १५ रुपये व मुलांचे ८ रुपये आहे असे समजा. प्रश्न : एका कुटुंबाने मोठ्यांची तिकिटे किती घेतली? विधान पहिले : एकूण खर्च १०७ रुपये झाला. विधान दुसरे : एकूण तिकिटे ९ घेतली.

पहिल्या विधानाचे समीकरण १५क्ष + ८य = १०७. अज्ञात दोन, समीकरण एक. तेव्हा 'अपुरे' असे म्हणावेसे वाटते. पण थांबा. क्ष व य या पूर्ण संख्या आहेत. क्ष ला ०, १, २ अशा ७ पर्यंतच्या किमती देऊन पाहा व प्रत्येक वेळी उरलेल्या रकमेला ८ ने नि:शेष भाग जातो काय ते तपासा. केवळ क्ष = ५ असताना ३२ रुपये उरतात व य = ४ येतो; इतर एकही किंमत जुळत नाही. म्हणजे एकटे पहिले विधान पुरेसे आहे. दुसऱ्या विधानावरून एकूण ९ तिकिटांपैकी मोठ्यांची किती हे कळत नाही. उत्तर : (अ).

आता खर्च १०७ ऐवजी १५१ रुपये व एकूण तिकिटे १८ असे करून पाहा. १५क्ष + ८य = १५१ याला दोन उत्तरे निघतात : मोठ्यांचे १ व मुलांची १७, किंवा मोठ्यांची ९ व मुलांची २. आता पहिले विधान एकटे अपुरे पडले. '१८ तिकिटे' हे दुसरे विधान जोडले तेव्हा पहिली जोडी ठरली व उत्तर (क) झाले. प्रश्नाचे रूप तेच, फक्त आकडे बदलले, आणि निवाडा बदलला! या प्रश्नांत ठरावीक साचा पाठ करून चालत नाही, याचे हे उत्तम प्रत्यंतर होय.

अशा समीकरणांचा विचार आपल्या पूर्वजांनी फार बारकाईने केला होता. आर्यभटांनी ४९९ साली लिहिलेल्या ग्रंथात, पूर्णांकांत उत्तरे शोधण्याची 'कुट्टक' नावाची रीत दिली आहे. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली ती अधिक विस्ताराने मांडली. भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथात तर अनेक अज्ञात राशी व थोडी समीकरणे अशा उदाहरणांसाठी वेगळे विवेचन आहे. आपण ज्यांना क्ष, य म्हणतो त्या राशींपैकी पहिलीला ते यावत्तावत् म्हणतात व इतरांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांवरून घेतलेली गमतीदार नावे देतात.

भास्कराचार्यांची वानरे

चाळीसगावजवळील पाटणे येथील शिलालेखामुळे भास्कराचार्यांच्या कुळाची माहिती आपणांस मिळते, हे पुष्कळांना ठाऊक असेल. त्यांच्या 'बीजगणिता'तील वानरांची दोन उदाहरणे आपल्या आजच्या विषयाशी इतकी जुळतात की, ती सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही.

पहिले उदाहरण असे : एका कळपातील वानरांच्या अष्टमांशाचा वर्ग केला असता जी संख्या येते, तेवढी वानरे वनात खेळत आहेत व उरलेली १२ टेकडीवर आहेत, तर कळपात वानरे किती? आपल्या पद्धतीने मांडल्यास क्ष² − ६४क्ष + ७६८ = ० असे वर्गसमीकरण येते व त्याची मुळे १६ आणि ४८ अशी निघतात. ताळा पाहा : १६ चा अष्टमांश २, त्याचा वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. तसेच ४८ चा अष्टमांश ६, त्याचा वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. दोन्ही उत्तरे निर्दोष आहेत, आणि आचार्यांनी दोन्हीही मान्य केली आहेत. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, कळपाची संख्या निश्चित करण्यास ही माहिती अपुरी आहे. 'कळपात वीसपेक्षा अधिक वानरे आहेत' एवढे जरी कोणी सांगितले, तरी ती पुरेशी होईल.

दुसरे उदाहरण : कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी वानरे गुहेत गेली आणि एक वानर फांदीवर चढलेले दिसले, तर एकंदर वानरे किती? येथे समीकरण क्ष² − ५५क्ष + २५० = ० असे होते व मुळे ५० आणि ५ अशी येतात. ५० ठीक आहे : पंचमांश १०, वजा ३ म्हणजे ७, वर्ग ४९, अधिक १ म्हणजे ५०. पण ५ चा पंचमांश १. त्यातून ३ वानरे कशी वजा करणार? कागदावर −२ येते आणि त्याचा वर्ग ४ होऊन ताळाही जमतो. परंतु उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत? म्हणून आचार्यांनी हे मूळ त्याज्य ठरविले. येथे तीच वर्गसमीकरणाची रचना असूनही माहिती पुरेशी ठरली, कारण न सांगितलेल्या अटीने एक मूळ बाद केले. सुमारे पावणेनऊशे वर्षांपूर्वीचा हा विवेक आजच्या परीक्षार्थीलाही तितकाच उपयोगी आहे.

'होय' किंवा 'नाही' अशा उत्तराचे प्रश्न

कित्येकदा संख्या न विचारता 'असे आहे काय?' असा प्रश्न केलेला असतो. अशा वेळी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : 'नाही' हे उत्तर निश्चितपणे मिळत असेल, तर तेही पुरेसेच आहे. अपुरेपणा हा नकारात नसून अनिश्चिततेत असतो.

प्रश्न : न ही पूर्णांक संख्या सम आहे काय? विधान पहिले : न × (न + १) ही सम संख्या आहे. विधान दुसरे : न² + २न ही विषम संख्या आहे.

लागोपाठच्या दोन पूर्णांकांपैकी एक सम असतोच, म्हणून त्यांचा गुणाकार नेहमीच सम येतो. तेव्हा पहिले विधान खरे असूनही निरर्थक आहे. ते न बद्दल काहीच सांगत नाही. दुसऱ्यात २न हे सम आहे, म्हणून न² विषम, म्हणून न विषम. 'न सम आहे काय?' याचे उत्तर ठाम 'नाही' असे मिळाले. माहिती पुरेशी, उत्तर (ब).

आणखी एक पाहा. प्रश्न : क्ष हा य पेक्षा मोठा आहे काय? विधान पहिले : क्ष² > य². विधान दुसरे : क्ष > ०. पहिल्यात क्ष = ३, य = २ घेतल्यास 'होय', पण क्ष = −३, य = २ घेतल्यास 'नाही'. दुसऱ्यात क्ष ३ घेतला व य २ घेतला तर 'होय', क्ष १ घेतला व य २ घेतला तर 'नाही'. एकत्र घेतल्यावर मात्र क्ष धन असून त्याचा वर्ग मोठा. तेव्हा य धन असो, ऋण असो वा शून्य असो, क्ष त्याहून मोठाच. उत्तर : (क).

शून्याचेही असेच भान ठेवावे. 'क्षय = ५य' असे दिसताच दोन्ही बाजूंना य ने भागून क्ष = ५ म्हणण्याची घाई करू नये. य शून्य असेल तर क्ष काहीही असू शकेल. 'य शून्य नाही' ही माहिती मिळेपर्यंत ते विधान अपुरेच समजावे.

उदाहरणे किती घेतली म्हणजे खात्री झाली?

संख्या घालून पाहण्याची युक्ती वर अनेकदा वापरली. पण तिची मर्यादाही जाणून घेतली पाहिजे. माहिती अपुरी आहे हे दाखविण्यास परस्परविरुद्ध उत्तरे देणारी दोन उदाहरणे पुरतात. पण माहिती पुरेशी आहे हे दाखविण्यास शंभर उदाहरणेही पुरत नाहीत. तेथे कारण द्यावे लागते. ऑयलर या थोर गणितज्ञाच्या नावाशी निगडित असलेली न² + न + ४१ ही राशी पाहा. न च्या जागी ०, १, २ असे करीत ३९ पर्यंतच्या संख्या घातल्या तर चाळीसही वेळा मूळ संख्याच मिळते. चाळीस साक्षीदार एकच साक्ष देतात! आणि ४० घालताच उत्तर १६८१, म्हणजे ४१ × ४१, असे येते व नियम कोसळतो. म्हणून संख्या निवडताना नेहमीच्या १, २, ३ वरच न थांबता शून्य, ऋण संख्या व अपूर्णांक यांनाही बोलवावे. आणि तरीही उत्तर बदलत नसेल, तर ते का बदलत नाही हे बीजगणिताने सिद्ध करावे.

हा विचार केवळ परीक्षेपुरता नाही. जॉर्ज पोल्या यांनी गणिते कशी सोडवावी या विषयावर १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात, कोणतेही उदाहरण हाती घेताच दिलेली अट अज्ञात काढण्यास पुरेशी आहे की अपुरी, की जास्तीची, की परस्परविरोधी, हे स्वतःला विचारावे असे सुचविले आहे. गणिताबाहेरही हा प्रश्न तितकाच मोलाचा आहे. 'अमुक औषध घेतलेल्या शंभरांपैकी नव्वद रोगी बरे झाले' असा संदेश भ्रमणध्वनीवर येतो आणि आपण तो चार घरी पाठवितो. पण औषध न घेता किती बरे झाले असते, हे कळल्यावाचून त्या औषधाच्या गुणाविषयी काय ठरविता येईल? कदाचित नव्वदच बरे झाले असते! तसेच एखाद्याविषयी एकच बाजू ऐकून आपण मत बनवितो, तेव्हा आपण (इ) या पर्यायाच्या जागी (अ) लिहीत असतो. 'मला ठरविता येत नाही, कारण माहिती अपुरी आहे' असे म्हणणे हा कमीपणा नव्हे. तो विचारी माणसाचा निवाडा होय. अज्ञान आणि अनिश्चिततेचे ज्ञान यांत पुष्कळ अंतर आहे.

आता पुढील प्रश्न वाचकांनी स्वतः करून पाहावे. उत्तरे शेवटी दिली आहेत. पण ती आधी पाहू नयेत.

१. क्ष − य = किती? (१) क्ष² − य² = २४. (२) क्ष + य = ६.
२. म ही धन संख्या आहे काय? (१) म³ = −८. (२) म² = ४.
३. एका आयताचे क्षेत्रफळ किती? (१) परिमिती ३४ मीटर आहे. (२) कर्ण १३ मीटर आहे.
४. क्ष = किती? (१) क्ष² − ६क्ष + ९ = ०. (२) २क्ष + १ = ७.
५. क्ष = किती? (१) २क्ष − ३य = ४. (२) ९य = ६क्ष − १२.

उत्तरे : १ – (क). २ – (अ). उत्तर निश्चित 'नाही' असे येते. ३ – (क). लांबी व रुंदी यांची बेरीज १७ आणि त्यांच्या वर्गांची बेरीज १६९, यावरून गुणाकार ६० हा थेट मिळतो. ४ – (ड). वर्गसमीकरण असले तरी त्याचे मूळ एकच, ३. ५ – (इ). दुसरे समीकरण हे पहिल्याचीच तिप्पट आहे.